दाटी वाढवायची आणि हिरवळही राखायची: नकाशात नेमकं कुठे बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहराच्या नव्या विकास आराखड्याच्या मसुद्यात रेल्वे आणि मेट्रो स्थानकांभोवती चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण), वाढवायचं घाटतंय. एक गट म्हणतो, उंच बांधा, जमीन आपोआप मोकळी होईल. दुसरा म्हणतो, दाटी वाढली की झाडं गेलीच म्हणून समजा. यातलं खरं काय, गच्चीवरच्या बागा हिशेबात धरायच्या का, आणि हरकत नोंदवायची तर कशावर?

नगररचनेत माझी २६ वर्षं गेली, आधी परवानग्यांच्या टेबलावर आणि नंतर सल्लागार म्हणून. या दोन्ही गटांच्या सभा मी इतक्या वेळा ऐकल्यात की कोण कधी उठून काय बोलणार हे आता पाठ झालंय. दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं बरोबर आहे. पण दोघंही वर बघून भांडतात, किती मजले आणि किती माणसं यावर. झाडाचा निकाल खाली लागतो, जमिनीच्या पहिल्या दीड मीटरमध्ये. तिथे काय येणार हे मजल्यांवरून ठरत नाही.

एक साधा हिशेब करू. ४,००० चौरस मीटरचा भूखंड आणि एफएसआय २, म्हणजे एकूण बांधकाम ८,००० चौरस मीटर. हे चार मजल्यांत बसवलं तर प्रत्येक मजला २,००० चौरस मीटरचा, म्हणजे निम्मा भूखंड इमारतीखाली जातो. आठ मजले केले तर १,००० चौरस मीटर, पाव भूखंड. चारावरून आठावर गेल्याने १,००० चौरस मीटर जमीन सुटली. आता आठाचे सोळा करा: सुटते फक्त ५००. सोळाचे बत्तीस केले तर २५०. म्हणजे मजले दुप्पट करत जावं तशी सुटणारी जमीन निम्मी निम्मी होत जाते. शिवाय उंच इमारतीला अग्निशमनाची गाडी सगळीकडून फिरावी लागते, तिचं वजन पेलणारा पक्का रस्ता लागतो, आणि सुटलेल्या त्या २५० मीटरवर बहुतेक वेळा हाच रस्ता येतो. पाच ते आठ-नऊ मजल्यांच्या मधल्या उंचीत जमिनीचा सौदा सगळ्यात फायद्याचा पडतो, असं माझं मत याच गणितातून झालंय.

पण वरचं सगळं गणित एफएसआय तोच ठेवून आहे. प्रत्यक्षात मजले वाढतात तेव्हा एफएसआयही वाढलेला असतो. २ चा ४ केला आणि आठाचे सोळा मजले केले तर जमिनीवरचा व्याप तसूभरही कमी होत नाही, माणसं मात्र दुप्पट होतात. 'उंच बांधा, जमीन मोकळी होईल' हे वाक्य जो म्हणतो त्याला एवढंच विचारायचं: एफएसआय तोच ठेवून की वाढवून?

आता त्याच भूखंडावर गाड्या आणू. ८,००० चौरस मीटरमध्ये ८० मीटरचं एक या दराने १०० घरं होतात. घरामागे एक गाडी असा नियम असेल तर १०० गाड्या. एक गाडी उभी राहायला साडेबारा चौरस मीटर पुरतात, पण वळायची-फिरायची वाट आणि रॅम्प धरून गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर लागतात. म्हणजे २,५०० ते ३,००० चौरस मीटर. आठ मजली इमारतीने मोकळी सोडलेली जमीन किती होती? ३,०००. ती सगळी गाड्यांनी खाल्ली. माणसं अजून राहायलाही आली नाहीत आणि बाग संपली.

यावर उत्तर ठरलेलं असतं: गाड्या तळघरात घालू, वर बाग करू. इथेच खरी मेख आहे. तळघर इमारतीच्या व्यापाएवढं राहत नाही. एका मजल्यात गाड्या बसवायच्या म्हणून ते सामासिक अंतराच्या, म्हणजे इमारत आणि हद्दीच्या मधे मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात शिरतं आणि पार हद्दीच्या भिंतीपर्यंत जातं. वर स्लॅब, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर निचऱ्याचा थर आणि मग ४०-६० सेंटिमीटर माती. लॉन छान येतं, झुडपं येतात, विक्रीच्या चित्रात झाडंही येतात. २० वर्षांनी सावली देणारं झाड त्या मातीत होत नाही. आणि एवढ्या वर्षांत वॉटरप्रूफिंग गळायला लागलं की दुरुस्तीसाठी सगळी बाग एकदा उचलावी लागते, हे विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही.

माझ्याच हातची एक चूक सांगतो. परवानगीच्या टेबलावर असताना एका प्रकल्पात मी अट घातली होती, भूखंडावरचं जुनं झाड राखायचं. नकाशावर हिरवं वर्तुळ, शेजारी 'राखलेले झाड' अशी नोंद. मीही निवांत. पुढे जागेवर गेलो तेव्हा तळघराची भिंत बुंध्यापासून दीड मीटरवर आली होती. त्या बाजूची मुळं खोदाईत सरळ कापली गेली होती, कापलेली टोकं मातीतून बाहेर आलेली दिसत होती. अट मात्र पाळली गेली होती, झाडाला कोणी कुऱ्हाड लावलेली नव्हती. तिसऱ्या उन्हाळ्यात शेंडे वाळले आणि पाचव्या पावसाळ्यात एका रात्री ते आडवं झालं. कापलेल्या मुळांच्या विरुद्ध दिशेला पडलं, अगदी पुस्तकात सांगतात तसं. मी बुंधा राखायला सांगितलं होतं. मुळांबद्दल एक शब्द लिहिला नव्हता.

झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. ब्रिटिश मानकात यासाठी सोपा ठोकताळा आहे: बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि त्यात खोदाई करायची नाही. बुंधा ६० सेंटिमीटरचा असेल तर ७.२ मीटर. त्या दिवसापासून मी अटीत झाडाचं नाव लिहिण्याआधी हा आकडा लिहितो. 'झाड दुसरीकडे हलवू' हा पर्याय पुढे आला तर मी जरा सावधच होतो. मोठं झाड उपटताना त्याची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक सगळी मागे राहतात. काही झाडं जगतात, पण त्यासाठी आधी काही महिने टप्प्याटप्प्याने मुळं छाटून तयारी लागते आणि नंतर काही वर्षं पाणी. क्रेन आली, उचललं, लावलं, फोटो काढला, एवढ्यावर ते जगत नाही.

नवीन झाडाचंही तेच. मोठ्या जातीच्या एका झाडाला वाढायला साधारण ३० घनमीटर माती लागते, म्हणजे मीटरभर खोल आणि साडेपाच मीटर लांब-रुंद. फुटपाथवर आपण देतो एक मीटरचा खड्डा, त्यात माती एक घनमीटर. ते झाड कुंडीतच आहे, फक्त कुंडी दिसत नाही एवढंच. स्टॉकहोमने यावर चांगला उपाय काढला. फुटपाथखाली मोठ्या खडीचा थर देतात, खडीवर खडी टेकून वरचं वजन पेलते आणि मधल्या फटींत माती व बायोचार, म्हणजे विशिष्ट पद्धतीने केलेला कोळसा भरतात. पावसाचं पाणी आणि हवा त्यातच सोडतात. वर फरशी, खाली मुळांना मोकळं रान. दाट शहरात रस्त्यावरची झाडं मोठी करायची असतील तर पैसा इथे घालावा लागतो. रोपं स्वस्त असतात, महाग असते ती त्यांच्याखालची जागा.

मग गाड्यांचं काय? जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात फ्रेंच लष्कराच्या जुन्या छावणीच्या जागेवर वोबान नावाची वस्ती उभी राहिली. सुमारे ४० हेक्टर, ५ हजारांहून जास्त लोक, बहुतेक इमारती चार-पाच मजल्यांच्या. बऱ्याचशा गल्ल्यांत घरापाशी पार्किंगच नाही. गाडी हवी असेल त्याने वस्तीच्या कडेला असलेल्या सामाईक गॅरेजमध्ये जागा विकत घ्यायची, नको असेल त्याने गाडी नसल्याचं लिहून द्यायचं. ट्राम दारात आहे. परिणाम असा की घरांच्या मधली जमीन खरोखर जमीन राहिली आणि छावणीतली जुनी झाडंही बरीच टिकली. सगळीकडे वोबान होईल असं मी म्हणत नाही. पण मेट्रो स्थानकाला लागून एफएसआय वाढवायचा आणि त्याच नियमावलीत घरामागे किमान एक-दोन गाड्यांची सक्ती ठेवायची, हा विनोद आहे. ज्या कारणासाठी दाटी वाढवली तेच कारण पार्किंगच्या तक्त्याने खोडून टाकलं. लंडनने २००४ च्या आराखड्यात किमान पार्किंगच्या जागी कमाल मर्यादा आणली, मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये तेच केलं. बागांच्या बाजूने बोलणारी मंडळी पार्किंगच्या प्रकरणाकडे फिरकत नाहीत, ते कंटाळवाणं वाटतं म्हणून. माझा अनुभव असा की बागेचं भवितव्य त्याच तक्त्यात लिहिलेलं असतं.

गच्चीवरची हिरवळ आणि हिरव्या भिंती धरायच्या का? धरायच्या, पण पूर्ण गुण द्यायचे नाहीत. बर्लिनने हा हिशेब नीट मांडून दाखवला. तिथल्या मूळ पद्धतीत भूखंडावरच्या प्रत्येक पृष्ठभागाला असे गुण होते: डांबर-काँक्रीटला ०, खालच्या जमिनीशी जोडलेल्या मातीला पूर्ण १, स्लॅबवरच्या ८० सेंटिमीटरपेक्षा उथळ मातीला ०.५, त्याहून खोल असेल तर ०.७, हिरव्या गच्चीला ०.७, हिरव्या भिंतीला ०.५. क्षेत्रफळाला गुणांनी गुणायचं, बेरीज करायची आणि भूखंडाच्या क्षेत्रफळाने भागायचं. ज्या भागांत ही अट लागू आहे तिथे नव्या निवासी बांधकामाला ०.६ गाठावं लागतं. आपल्याच भूखंडावर बघा: १,००० मीटरची हिरवी गच्ची म्हणजे ७००, खरी माती १,५०० मीटर म्हणजे १,५००, स्लॅबवरची उथळ बाग ५०० मीटर म्हणजे २५०, उरलेलं १,००० मीटर पक्कं म्हणजे शून्य. बेरीज २,४५०, भागिले ४,०००, उत्तर ०.६१. पास.

पद्धत मला आवडते, कारण वास्तुरचनाकाराला मोकळीक राहते आणि वादाला आकडा मिळतो. पण तिला एक भोक आहे. अख्ख्या भूखंडाखाली तळघर खोदा. गच्ची हिरवी करा, ७००. पोडियमवर, म्हणजे तळघराच्या छतावर, ८० सेंटिमीटरहून खोल मातीत २,००० मीटरची बाग करा, १,४००. बाहेरच्या ६०० चौरस मीटर भिंतीवर वेली चढवा, ३००. बेरीज २,४००, म्हणजे बरोबर ०.६. पास, आणि खऱ्या जमिनीची एक टोपलीही शिल्लक नाही! म्हणून गुणांकाच्या जोडीला वेगळी अट लागतेच: भूखंडाचा अमुक हिस्सा वरपासून खालपर्यंत निव्वळ माती, खाली काहीही बांधायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१५ च्या मार्गदर्शिकेत अपार्टमेंटसाठी हा हिस्सा किमान ७ टक्के ठेवला, आणि भूखंड १,५०० चौरस मीटरहून मोठा असेल तर त्या पट्ट्याची रुंदी किमान ६ मीटर. रुंदीची अट महत्त्वाची. ती नसेल तर कुंपणाच्या कडेने फूटभर रुंदीची माती चारही बाजूंना फिरवून लोक टक्का भरून दाखवतात. ७ टक्के मला कमीच वाटतात, मोठ्या भूखंडात १५ च्या आसपास सहज जमतं.

गच्चीबद्दल आणखी एक. वीस मजल्यांवरची बाग वरच्या घराचं छप्पर थंड ठेवते, पावसाचं थोडं पाणी अडवते, पाखरं येतात. खाली बसस्टॉपवर उन्हात उभ्या माणसाला तिचा थंडावा पोचत नाही. त्याला हवी असते ती डोक्यावर पानांची सावली आणि ती देणारं झाड जमिनीत असावं लागतं. रस्त्यावरची झाडं दिली आणि गच्च्या रिकाम्या राहिल्या तर मी ते स्वीकारेन, उलटं झालं तर नाही.

'मग दाटीच नको' म्हणणाऱ्यांकडे वळतो. एक लाख माणसं हेक्टरी १०० या दराने वसवली तर १,००० हेक्टर लागतात. हेक्टरी ४०० ने वसवली तर २५०. तुमच्या गल्लीत इमारत अडवली म्हणून माणसं यायची थांबत नाहीत, ती शहराच्या कडेला जातात, आणि उरलेल्या ७५० हेक्टरांवरची शेतं, तळी, रानं त्यांच्या घरांखाली आणि रस्त्यांखाली जातात. ती झाडं तुमच्या खिडकीतून दिसत नसल्यामुळे त्यांच्यासाठी सभा होत नाही, इतकंच.

मात्र आत दाटी केली म्हणून बाहेरची जमीन आपोआप वाचते, हेही खरं नाही. ती वेगळ्या कायद्याने बांधून घ्यावी लागते. व्हिएन्नाने १९०५ मध्येच शहराभोवतीचा जंगल-कुरणांचा पट्टा ठराव करून राखला, आणि आजही त्या शहराचा जवळपास निम्मा भाग हिरवा आहे. कोपनहेगनने १९४७ च्या आराखड्यात हाताच्या पंजाची कल्पना घेतली: रेल्वेमार्गांच्या बोटांवर वस्ती आणि दोन बोटांच्या मधे हिरव्या पाचरी. लंडनने शहराभोवती हिरवं कडं केलं. मला पाचरी जास्त पटतात. कड्यापर्यंत पोचायला शहर ओलांडून जावं लागतं आणि वाढ कड्यावरून उडी मारून पलीकडे जाते, मग रोजचा प्रवास लांबतो. पाचर शहराच्या पोटात येते, कुठल्याही घरापासून फार दूर राहत नाही.

आता 'माणशी इतके चौरस मीटर' या आकड्याबद्दल. तुमच्या मसुद्यातही तो असेल. माणशी १० चौरस मीटर धरा. हेक्टरी २०० माणसं असतील तर २,००० चौरस मीटर, म्हणजे २० टक्के जमीन. जमेल. हेक्टरी ८०० माणसं झाली तर ८,०००, म्हणजे ८० टक्के जमीन बागेला आणि उरलेल्या २० टक्क्यांत घरं, रस्ते, शाळा, दवाखाने. होणार नाही. मग नियोजनकार काय करतो, तर शहराच्या हद्दीतला डोंगर, नदीचं पात्र, कधी कधी विमानतळाचं गवतसुद्धा बेरजेत घेतो आणि सरासरी गाठतो. हाँगकाँगची सुमारे ४० टक्के जमीन राखीव उद्यानांत आहे, कागदावर भरपूर हिरवं. पण ती हिरवळ बहुतांशी डोंगरांवर आहे, मोंगकोकच्या गर्दीत राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला संध्याकाळी बसायला ती कामाची नाही.

म्हणून दाट वस्तीत सरासरी सोडून अंतर मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा असावी, असं सुचवलंय. सुमारे पाच मिनिटांची चाल. सेसिल कोनाइनेंडाइक या वनशास्त्रज्ञाने २०२१ मध्ये ३-३०-३०० असं सूत्र मांडलं: प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के पानांचं छत्र असावं आणि ३०० मीटरवर बाग असावी. हे मला यासाठी आवडतं की कोणीही खिडकीत उभं राहून पहिली परीक्षा घेऊ शकतो. अंतर मोजताना एकच काळजी: नकाशावर कंपासने वर्तुळ काढू नका, चालत मोजा. मधे सहापदरी रस्ता असेल, रेल्वेचं कुंपण असेल किंवा बागेचं एकच फाटक पलीकडच्या बाजूला असेल तर २०० मीटरची बाग ९०० मीटरवर जाते. एका जुन्या बागेला मागच्या बाजूने दुसरं फाटक काढलं आणि दोन वस्त्या एका दिवसात त्या ३०० मीटरच्या आत आल्या, असं मी स्वतः केलंय. खर्च फाटकाचा आणि दहा पायऱ्यांचा.

याहून अवघड भाग म्हणजे राखलेली मोकळी जागा टिकवणं. बार्सिलोनाची गोष्ट प्रत्येक नगररचनाकाराने पाठ करावी अशी आहे. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याचा १८५९ चा आराखडा, सुमारे ११३ मीटर बाजूचे चौकोनी ठोकळे. त्याच्या मूळ कल्पनेत ठोकळ्याच्या दोनच बाजूंना इमारती आणि मधे बाग. दाटी आणि हिरवळ यांचा इतका सुरेख मेळ क्वचित कोणी कागदावर मांडला असेल. पुढे काय झालं? आधी तिसरी बाजू बांधायला परवानगी, मग चौथी, मग मजले वाढले, मग मधल्या बागेत कारखाने, गोदामं, गॅरेजं. आराखडा एका दिवसात कोणी फाडला नाही. दर वेळी एक छोटी सवलत, दर वेळी सबळ कारण. १९८० च्या दशकापासून ते शहर एकेक ठोकळ्याचं पोट विकत घेऊन, रिकामं करून पुन्हा बाग करतंय, आणि २०१६ नंतर त्याने काही ठोकळे एकत्र करून मधले रस्ते गाड्यांपासून सोडवलेही. दीडशेहून जास्त वर्षांनी तीच जमीन परत मिळवणं चाललंय, बाजारभावाने.

खासगी मालकाच्या हातात 'सार्वजनिक' मोकळी जागा सोपवायची असेल तर न्यूयॉर्क बघा. १९६१ च्या नियमांत तिथे असा सौदा होता: इमारतीसमोर लोकांसाठी प्लाझा सोडा आणि जादा बांधकाम घ्या. जादा बांधकाम सगळ्यांनी घेतलं. २००० मध्ये अशा ५०३ जागांची पाहणी झाली तेव्हा सुमारे ४१ टक्के जागा जवळपास निरुपयोगी निघाल्या: बसायला काही नाही, ऊन नाही, काही ठिकाणी तर कुलूप. एफएसआय एकदा दिला की तो काँक्रीट होऊन कायम उभा राहतो, बाग मात्र रोज उघडावी लागते. म्हणून माझा आग्रह असतो की आधी बागेची जमीन शहराच्या नावावर, मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी. क्रम उलटला की पुढची २० वर्षं पत्रव्यवहार.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. श्टुटगार्ट शहर खोलगट दरीत आहे, हवा कोंडते. तिथे १९३८ पासून पालिकेत हवामानाचा अभ्यास करणारा माणूस आहे, आणि डोंगरउतारावरून रात्री खाली येणारी थंड हवा अडू नये म्हणून काही पट्टे बांधकामाला मोकळे ठेवलेत. हाँगकाँगमध्ये २००३ च्या सार्स साथीनंतर भिंतीसारख्या ओळीने उभ्या टॉवरांवर टीका झाली आणि मोठ्या प्रकल्पांत वारा कसा फिरेल याची तपासणी सुरू झाली. हिरवा पट्टा कुठे ठेवायचा हे ठरवताना वाऱ्याची दिशा बघितली तर त्याच जमिनीत दुहेरी काम होतं.

दुहेरी काम, हा शब्द दाट शहरात सोन्याचा. सिंगापूरमधल्या बिशान बागेच्या कडेने काँक्रीटचा सरळ कालवा जात होता, सुमारे २.७ किलोमीटरचा. २०१२ पर्यंत त्यांनी तो फोडून बागेतून वळणं घेत जाणारी नदी केली. एरवी काठावर मुलं खेळतात, जोराचा पाऊस आला की इशारा देऊन लोकांना वर काढतात आणि तीच हिरवळ पुराचं पाणी सामावून घेते. कालव्याला वेगळी जमीन आणि बागेला वेगळी जमीन देणं परवडत नव्हतं, म्हणून एकीतच दोन्ही. सोलमध्ये २००३ ते २००५ या काळात उड्डाणरस्ता पाडून चोंगेचोन ओढा उघडा केला, तोही असाच गाजला. त्यातलं बरंचसं पाणी पंपाने आणून सोडलेलं असतं हे फोटोत दिसत नाही, पण गाड्यांकडून काढून घेतलेली सुमारे पावणेसहा किलोमीटर लांबीची मोकळी जागा मात्र खरी आहे.

एक कडू गोष्ट लपवत नाही. बाग चांगली झाली की आजूबाजूची भाडी वाढतात. न्यूयॉर्कच्या हाय लाइनचा पहिला भाग २००९ मध्ये उघडला, जुन्या मालगाडीच्या पुलावर. पुढे तिच्या दोन्ही अंगांना महागडे टॉवर उठले. बागेबरोबरच परवडणाऱ्या घरांचा हिस्सा त्याच आराखड्यात बांधून घेतला नाही तर ज्यांच्यासाठी बाग मागितली ते लोक तिथे राहतच नाहीत.

आता हरकतीचं. 'झाडे वाचवा' एवढंच लिहिलेली हरकत सुनावणीत दोन मिनिटांत निकालात निघते, उत्तर तयार असतं: 'वृक्षलागवड प्रस्तावित आहे.' नेमकं मागा. एफएसआय वाढवलेल्या पट्ट्यात किमान पार्किंग काढून कमाल मर्यादा टाका. तळघराची कड हद्दीपासून किती आत राहील त्याचा आकडा नियमात लिहा. निव्वळ मातीचा हिस्सा आणि त्याची किमान रुंदी लिहा. वाढीव एफएसआय लागू होण्याआधी त्या भागातल्या बागांच्या आरक्षणांपैकी किती जमीन प्रत्यक्ष ताब्यात आली त्याचा तक्ता मागा. बहुतेक ठिकाणी हा तक्ता तयारच नसतो, आणि सुनावणीत तो मागितला की खोलीतली हवा बदलते. नवी लागवड एकाच जातीची नको, मेलबर्नने २०१२ च्या धोरणात एका जातीची झाडं ५ टक्क्यांहून जास्त नकोत असं ठरवलं, कारण एक कीड आली की अख्खा रस्ता उघडा पडतो.

आणि एखाद्या भूखंडाचा नकाशा हातात आला तर त्यावरची हिरवी वर्तुळं मोजत बसू नका. त्याच भूखंडाचा तळघराचा नकाशा त्याच मापात मागून घ्या, दोन्ही एकमेकांवर ठेवा आणि खिडकीच्या काचेला लावून उजेडात बघा. तळघराच्या रेषेबाहेर किती वर्तुळं उरतात तेवढी झाडं धरा.